जिंकल्यानंतरचे राघोबादादा

गंगापूर रोडने नाशिकबाहेर निघाले की आनंदवल्ली लागते. मूळचे हे चौंधस गाव. राघोबादादांनी ते मुक्कामासाठी निवडले, तिथे वाडा बांधला आणि पत्नी आनंदीबाईंच्या नावावरून गावाला नवे नाव दिले. नवश्या गणपतीला निघालेल्या कुणालाही दादांविषयी विचारा, दोन वाक्यांत निकाल मिळतो. अटकेपार झेंडा नेणारा मर्दाना सेनापती, हे पहिले वाक्य. घरातल्या आणि दरबारातल्या कारस्थानांनी वाया गेलेला पेशवा, हे दुसरे. रणांगणावर सोने, राजकारणात माती, अशी ही वाटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य करत आलो आहोत.

ही वाटणी उथळ आहे, असे माझे ठाम मत आहे. १७५८मध्ये लाहोरात शिरलेले राघोबादादा आणि १७७३मध्ये पेशवाईच्या मसनदीवर बसलेले राघोबादादा यांची काम करण्याची रीत एकच होती. लढाई जिंकायची, जिंकलेले राखण्याचे काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचे आणि खर्चाचा बोजा मागच्यांच्या डोक्यावर ठेवायचा. राजकारणात जे त्यांना नडले ते त्यांच्या सेनापतिपदातच होते. विजयाच्या चमकेमुळे ते कुणाच्या नजरेस आले नाही, इतकेच.

हा वाद केवळ अडीचशे वर्षांपूर्वीचा नाही. देवळालीचे तोफखाना केंद्र आणि डॉ. मुंजे यांनी १९३७मध्ये उभी केलेली भोसला सैनिकी शाळा यांच्या सावलीत वाढलेल्या या शहरात ‘एखादा लष्करी माणूस खुर्चीवर बसवा, म्हणजे सगळे सरळ होईल’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून बैठकीच्या खोलीपर्यंत ऐकू येते. त्या वाक्याला तपासून पाहायचे तर राघोबादादांइतके जवळचे आणि कागदपत्रांनी भरलेले उदाहरण नाशिककरांना दुसरे नाही.

पहिली पायरी : विजय कुठे संपतो?

सेनापतीचे मूल्यमापन आपण लढाईच्या दिवसावर करतो. शत्रू पळाला की पान उलटतो. पण अठराव्या शतकातल्या मराठी मोहिमेचे उद्दिष्ट शत्रूला पळवणे एवढेच कधी नव्हते. चौथ-सरदेशमुखीचा हक्क कायम करणे, ठाणी बसवणे, वसुलीची साखळी उभी करणे आणि पुढच्या हंगामात फौज पुन्हा उभी राहील इतका पैसा हाती ठेवणे, हे सगळे मोहिमेतच मोडत असे. थोरल्या बाजीरावांनाही सावकारांचा तगादा होता. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत तो दिसतो. पण त्यांच्या मोहिमांमागे माळवा उरला. शिंदे, होळकर, पवार अशी घराणी उरली, आणि त्या घराण्यांना पोसणारा मुलूख उरला. कर्ज झाले, पण त्या कर्जातून काहीतरी उभे राहिले. राघोबादादांच्या मोहिमांना हीच कसोटी लावून पाहू.

दुसरी पायरी : कुंभेर ते लाहोर

१७५३ ते १७५५ या पहिल्या उत्तरेकडील मोहिमेत दादा वयाने विशीचे होते. १७५४मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा पडला. मल्हारराव होळकरांचे पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव तिथे तोफेच्या गोळ्याने पडले. मल्हारराव सूडाला पेटले. जयाप्पा शिंदे तडजोडीकडे झुकले. दोन्ही भूमिका समजण्यासारख्या होत्या. मुख्य सेनापतीचे काम होते दोघांना एका निर्णयाखाली आणण्याचे. ते झाले नाही. खंडणीवर वेढा उठला, आणि शिंदे-होळकरांच्या मनात कायमची तेढ राहिली. जाट मित्र झाला नाही, शत्रू म्हणून संपलाही नाही. पुढे पानिपतापूर्वी सूरजमल सदाशिवरावभाऊंची छावणी सोडून निघून गेला, त्याची कारणे अनेक आहेत. पण मैत्रीचा पाया घालण्याची वेळ कुंभेरला होती.

दुसरी मोहीम अटकेची. अब्दालीने दिल्ली लुटून पाठ फिरवल्यावर १७५७मध्ये दादा आणि मल्हारराव दिल्लीवर आले. नजीबखान रोहिला हाती सापडला. मल्हाररावांनी मध्ये पडून त्याला वाचवले आणि दादांनी ते चालू दिले. हा तोच नजीब, ज्याने पुढे अब्दालीला हिंदुस्थानात थांबवून ठेवले आणि रसद-मसलत पुरवून पानिपताची बाजू बांधली. सेनापतीला मातब्बर सरदाराचे मन राखावे लागते, हे खरे. पण कोणता शत्रू सोडायचा हा प्रश्न सरदाराच्या मर्जीवर टाकला, तर सेनापतीचे पद नावापुरते उरते.

१७५८च्या वसंतात सरहिंद पडले, एप्रिलमध्ये लाहोर. मराठी घोडी सिंधूच्या काठी अटकेपर्यंत पोहोचली. दादा स्वतः लाहोरात होते. मेच्या आरंभी तिथून पुण्याला लिहिलेल्या पत्रात काबूल-कंदाहारपर्यंतच्या मनसुब्यांची भाषा आहे. त्या पत्राचा अभिमान आपण आजही मिरवतो. पण त्याच महिन्यात काय व्यवस्था लावली ते पाहा. लाहोरचा सुभा अदीना बेगला वार्षिक ७५ लाखांच्या कबुलातीवर देऊन दादा परतले. अदीना बेग तोवर मोगल, अफगाण, शीख अशा प्रत्येकाशी जुळवून घेत आणि प्रत्येकाला चकवत आलेला मुरब्बी माणूस होता, आणि वयानेही थकलेला. सप्टेंबरमध्ये तो वारला. कबुलातीचा कागद त्याच्याबरोबर गेला. पुढच्याच वर्षी अब्दाली आला तेव्हा पंजाब राखायला तिथे थोडीशी फौज होती, ती मागे हटली. जानेवारी १७६०मध्ये दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले.

आणि पैसा? या मोहिमेने पुण्याच्या तिजोरीवर ऐंशी लाखांच्या घरात कर्ज चढवले, असे इतिहासग्रंथ सांगतात. दिल्ली जिंकलेली, लाहोर जिंकलेले, आणि परतणारा सेनापती देणेकरी. हिशेब पाहणाऱ्या सदाशिवरावभाऊंशी त्यावरून खटका उडाला. पुढची स्वारी भाऊंकडे गेली, तिच्या मागे या हिशेबाचीही छाया होती.

तिसरी पायरी : घरातली लढाई

पानिपतानंतर सुमारे पाच महिन्यांनी दादांचे थोरले बंधू नानासाहेब पेशवे गेले आणि सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. कारभार चुलत्याच्या हाती. इथून दादांचा खरा राजकीय उदय सुरू होतो, आणि इथेच आपली मेहनत घेण्यासारखी जागा आहे, कारण पुढच्या दीड वर्षात लाहोरचाच आराखडा पुन्हा गिरवला गेलेला दिसतो.

मतभेद विकोपाला गेल्यावर दादा निजामाकडे गेले. बदल्यात दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख देऊ केला. म्हणजे उसने बळ, आणि त्याची किंमत राज्याच्या खात्यातून. नोव्हेंबर १७६२मध्ये आलेगावला माधवरावांनी पुढची हानी टाळण्यासाठी चुलत्याच्या छावणीत जाऊन स्वतःला त्यांच्या स्वाधीन केले. रणातला जय दादांचा. सत्ता निर्विवाद हाती आली, आणि पुतण्या समोर मान खाली घालून उभा होता. सेनापतीतून राज्यकर्ता घडण्याची याहून अनुकूल वेळ कुणाला मिळावी?

मिळालेल्या सत्तेचे त्यांनी काय केले? भवानराव प्रतिनिधींचे पद काढून आपल्या लहानग्या मुलाच्या नावे केले आणि त्याची मुतालकी नारोशंकर राजेबहाद्दरांना दिली. (गोदाकाठच्या ज्या देवळाची घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो, ते देऊळ बांधणारे हेच नारोशंकर.) गोपाळराव पटवर्धनांकडून मिरज हिसकावले. दोघेही दुखावून निजामाला मिळाले. नागपूरकर जानोजी भोसलेही तिकडे गेले. काही महिन्यांत, १७६३च्या उन्हाळ्यात, निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. ज्या निजामाला मदतीला बोलावले होते, त्यानेच.

ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला निजामाचा पुरता पराभव झाला, दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. या लढाईत काका-पुतणे दोघे होते. माधवराव अठरा वर्षांचे. लढाईनंतरची त्यांची पावले मला लढाईहून मोठी वाटतात: मिरज गोपाळरावांकडे परत गेले, प्रतिनिधिपद भवानरावांकडे. फितूर झालेल्या माणसाला शिक्षा करण्याआधी तो फितूर का झाला ते पाहायचे आणि कारण खरे असेल तर ते दूर करायचे, ही जिंकल्यानंतरची कारागिरी आहे. तीच फौज, तेच सरदार, तोच हंगाम. फरक एवढाच की विजयाचे काय करायचे ते एकाला ठाऊक होते.

चौथी पायरी : धोडप

१७६६-६७मध्ये दादा पुन्हा उत्तरेत होते. गोहदच्या छोट्या जाट राण्यापुढे वेढा रेंगाळला आणि तडजोडीवर उठला. मल्हाररावांचा त्याच मोहिमेत मे १७६६मध्ये मृत्यू झाला. दादा आनंदवल्लीला परतले ते रिकाम्या हाताने आणि राज्याची निम्मी वाटणी मागत. माधवरावांनी समजुतीचा प्रयत्न केला. तरी १७६८मध्ये पुन्हा फौज जमा झाली, आणि जागा ठरली चांदवडच्या पुढची सातमाळा रांग.

धोडप ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरता येत नाही. हट्टी गावातून वर पाहिले की डोंगराच्या पाठीवर काळ्या दगडाची सरळ भिंत आणि तिच्यात कुऱ्हाडीने पाडावी तशी खाच. जागा बेलाग, पाणी मुबलक. जुन्या मुरलेल्या सेनापतीने ती निवडावी हे बरोबरच. पण किल्ला बेलाग असून भागत नाही, बाहेरून कुणीतरी धावून यावे लागते. दादांना भरवसा होता होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूडांचा, गायकवाडांच्या कुमकेचा, भोसल्यांच्या शब्दाचा. माधवराव त्या शब्दांना वेळ मिळण्याआधी येऊन धडकले. १० जून १७६८ला लढाई झाली आणि दादा कैद होऊन शनिवारवाड्यात गेले. गंगोबातात्यांचेही हाल झाले. त्यांनीच बांधलेले सुंदरनारायणाचे देऊळ आजही रामकुंडाजवळ उभे आहे.

अदीना बेग, निजाम, भोसले, गायकवाड. नावे बदलत गेली. प्रत्येक वेळी स्वतःच्या बळाचा कणा दुसऱ्याच्या वचनात होता.

पाचवी पायरी : मसनद

३० ऑगस्ट १७७३ला माधवरावांचे धाकटे बंधू आणि वारस नारायणराव पेशवे यांचा खून झाला आणि दादांना हवे ते पद मिळाले. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा इथे सगळे झाकून टाकते. खुनाचा दोष दादांवर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनीच ठेवला होता, आणि तो दोष हलका करण्याची मला मुळीच इच्छा नाही. मला दाखवायचे आहे ते पुढचे, कारण खुनाने मिळवलेली सत्ताही कुशल हातात काही काळ टिकते.

पेशवा होताच दादा निजामावर चालून गेले. त्याला कोंडीत धरले. मोठा मुलूख पदरात पडण्याची वेळ आली, आणि निजामाच्या आर्जवाला भुलून दादांनी तो सोडून दिला, असे ग्रँट डफने नोंदवले आहे. मग कर्नाटकाकडे वळले. मागे पुण्यात विरोधी कारभारी, म्हणजे बारभाई, एकत्र आले, नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंच्या गर्भातल्या वारसाच्या नावाने कारभार सुरू झाला. मार्च १७७४मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी बारभाईंच्या त्रिंबकराव पेठ्यांचा पराभव केला. पेठे जखमांनी गेले. पुण्यात घबराट उडाली. ही लढाई दादांच्या सगळ्या कारकिर्दीचा अर्क आहे असे मी मानतो. विजय स्वच्छ होता, राजधानी काही मजलांवर होती, विरोधकांचा सेनापती उरला नव्हता. आणि दादा पुण्यावर न जाता उत्तरेकडे, बऱ्हाणपूरच्या वाटेला लागले.

१८ एप्रिलला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. मार्च १७७५मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह झाला: फौज इंग्रजांची, मोबदल्यात साष्टी-वसई. निजामाला दौलताबाद देऊ करणाऱ्या माणसाने हे केले याचे आश्चर्य का वाटावे? पुढची सात वर्षे युद्ध चालले. १७८२च्या सालबाईच्या तहाने दादांना नेमणूक मिळाली, कोपरगावला मुक्काम झाला आणि डिसेंबर १७८३मध्ये ते वारले.

आक्षेप

एक आक्षेप वयाचा येतो. कुंभेरला विशीचा आणि लाहोरला तेविशीचा तरुण मल्हाररावांसारख्या बुजुर्गापुढे काय करणार? आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच मी कुंभेरवर थांबलो नाही. कासेगावला दादा चाळिशीला आले होते. वीस वर्षांत रीत बदलली नाही. आणि राक्षसभुवननंतर सरदारांची घडी बसवणारा पुतण्या अठरा वर्षांचा होता.

दुसरा आक्षेप अन्यायाचा. ज्येष्ठ असून डावलले गेले, कैदेत ठेवले गेले. मग बंड केले तर नवल काय? तक्रार खरी असू शकते. वारसाच्या प्रश्नावर त्या काळातही मते दुभंगलेली होती. पण खऱ्या तक्रारीने वाईट रीत चांगली होत नाही. आलेगावला तक्रारीचे पूर्ण निवारण झाले होते, सर्व सत्ता हाती होती. त्यानंतर वर्षभरात पुणे जळाले.

आनंदीबाईंचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो आणि त्रासही त्याचाच जास्त होतो. पुरुषाच्या वीस वर्षांच्या निर्णयांचे ओझे एका बाईच्या डोक्यावर ठेवले की सेनापतीची प्रतिमा तेवढी स्वच्छ राहते. नजीबला सोडताना, अदीना बेगशी करार करताना, कासेगावहून वळताना हुकूम कोणाचा होता, याचे उत्तर सरळ आहे.

काळाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. दूरच्या मुलखात ठाणी राखणे त्या काळात कुणालाच जमत नव्हते, असे म्हणता येईल. याला उत्तर महादजी शिंदे. पानिपतात पायाला कायमची जखम घेऊन ते परतले. सालबाईचा तह त्यांच्या हमीवर झाला. १७८४मध्ये बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे मिळवून त्यांनी स्वतः त्याचा कारभार पाहिला. १७८७मध्ये लालसोटला डाव उलटला आणि मागे हटावे लागले. पण द बॉयनच्या कवायती पलटणींना अंतर्वेदीतला मुलूख पगारासाठी तोडून दिलेला होता, फौजेला वेळच्या वेळी पैसा मिळत होता. म्हणून १७९०मध्ये पाटण आणि मेडता जिंकता आले. महादजी लढाई हरून टिकले, दादा लढाई जिंकून हरले. काळ दोघांचा एकच.

आजच्या संदर्भात

मतदाराची समज मी कमी लेखत नाही. १९७१मध्ये भारताचे पहिले भारतीय सेनाप्रमुख जनरल करिअप्पा ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. काश्मीरच्या युद्धातली त्यांची कामगिरी लोकांना ठाऊक होती, आदरही होता. उलट १९६३मध्ये नाशिकने लोकसभेवर बिनविरोध पाठवले ते यशवंतराव चव्हाणांना. चीनच्या युद्धात पोळलेल्या देशाचे ते संरक्षणमंत्री होते, पण कधी लष्करी गणवेश न घातलेले. सेनापतीच्या पराक्रमाची किंमत करणे आणि त्याच्या हाती कारभार देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन निकालांत दिसते.

तर मग जिंकल्यानंतरची घडी बसवणारा सेनापती हमखास चांगला राज्यकर्ता होतो का? इथे मला माझ्याच कसोटीची मर्यादा सांगितली पाहिजे. आर्थर वेलस्लीने १८०३मध्ये दादांच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला, इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात पुण्याच्या गादीवर परत बसवले आणि सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांना हरवले. बैल, धान्य, नदीचे उतार यांची त्याच्याइतकी काळजी घेणारा सेनापती दख्खनने क्वचित पाहिला. पुढे १८२८मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. कॅथलिकांना हक्क देण्याच्या प्रश्नावर त्याने स्वतःचे जुने मत मुरडले आणि कायदा करून घेतला. पण नोव्हेंबर १८३०मध्ये संसदेच्या रचनेत सुधारणेची गरजच नाही असे त्याने सभागृहात ठासून सांगितले, आणि पंधरवड्याच्या आसपास त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. मागे रसद भक्कम असलेल्या माणसालाही समोरच्याचे म्हणणे ऐकता यावे लागते, आणि ते रणांगणावर शिकायला मिळत नाही.

ही दुसरी कसोटी दादांपुढेही आली होती. १७७३च्या त्या पावसाळ्यानंतर रामशास्त्र्यांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि चाकरी सोडून ते गावी निघून गेले. दादांनी त्यांना थांबवण्यासाठी आपले काही बदलले नाही. ते मोहिमेवर निघाले. रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आले ते बारभाईंच्या बोलावण्यावरून.